हीटरचं पॅनेल: दुरुस्त करावं, जुनं शोधावं की नवं घ्यावं?

बेळगावात हीटर कशाला लागतो म्हणणाऱ्याने जुलैत एकदा जांबोटीवरून कणकुंबीकडे जाऊन यावं. काच आतून अशी धुरकटते की पुढचा ट्रक दिसत नाही. एसी हवेतली ओल काढतो, हीटर ती हवा गरम करतो. दोन्ही मिळून काच लगेच मोकळी होते. आमच्या १९९९ च्या मारुती ८०० मध्ये नेमकी तेव्हाच हीटरच्या पॅनेलवरची, म्हणजे डॅशबोर्डवर हवा गरम-थंड करायच्या भागावरची, दांडी नुसतीच इकडून तिकडे सरकायला लागली.

पॅनेल घेण्याआधी बिघाड तिथेच आहे का, ते बघा. ब्लोअर, म्हणजे हवा फेकणारा पंखा, फक्त सगळ्यात वरच्या स्पीडला चालत असेल, तर बहुतेक त्याचा स्पीड कमी करणारा रेझिस्टर गेलेला असतो, कारण त्या स्पीडला करंट रेझिस्टरमधून जातच नाही. तो बसतो हवेच्या वाटेत. पॅनेल बदलून उपयोग नाही. पायाखालचं मॅटिंग ओलं, काचेवर चिकट थर आणि गोडसर वास असेल, तर हीटरचा कोअर, म्हणजे इंजिनचं गरम पाणी ज्यातून फिरतं तो छोटा रेडिएटर, गळतोय. आणि जुन्या गाडीत हा कोअर गळला म्हणून कुणी कधीतरी दोन्ही पाइप जोडून टाकलेले असतात. मग कितीही भारी पॅनेल बसवा, गरम हवा येणार नाही. बॉनेट उघडून तेवढं बघायला दोन मिनिटं लागतात.

हे सगळं ठीक असेल तर दुरुस्ती आधी. आमच्या मिस्त्रींनी डॅशखाली डोकं घातलं आणि तिथूनच म्हणाले, "केबल सुटल्या बघा ओ." दांडी केबलने आतली हवेची झडप ओढते. केबलचं बाहेरचं आवरण धरणारी क्लिप निसटली की दांडीबरोबर आवरणच मागेपुढे होतं, झडप जागची हलत नाही. पण आमच्या पॅनेलचा क्लिपचा कानही तुटलेला होता, म्हणून बदलणं आलं.

मी आधी नवं लोकल पॅनेल घेतलं. दिसायला झकास, स्क्रूची भोकंही जुळली. पण दांडीचा प्रवास दोन-तीन मिलिमीटर कमी, त्यामुळे कोअरमध्ये गरम पाणी सोडणारा व्हॉल्व्ह पूर्ण मिटेना आणि मे महिन्यात पायावर गरम हवा. दुकानदार म्हणाला, "बसतंय की!" बसतं, हे खरंच होतं.

शेवटी भंगारातून त्याच मॉडेलचं जुनं ओरिजिनल आणलं. प्लास्टिक जुनंच असतं, म्हणून कान आणि दांडीची टोकं नखाने दाबून बघून घ्या. क्लिपा सोबत मागा, नंतर मिळत नाहीत. केबल मात्र नव्या टाका. ब्लोअरचा स्विच जुना नको, त्याचे कॉन्टॅक्ट जळलेले असतात. त्याचं सॉकेट वितळलेलं दिसलं तर ब्लोअरची मोटर जड फिरतेय का तेही तपासा, नाहीतर नवा स्विचही तसाच जळेल. नुसतं बटण तुटलं असेल तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर पितळेचं करून मिळू शकतं. आमच्या शेजाऱ्यांनी केलंय, गाडीपेक्षा तेच जास्त चमकतं.

वरच्या मॉडेलचं बटणांचं पॅनेल बसवायच्या फंदात पडू नका. त्याला झडपा हलवणाऱ्या मोटरी लागतात.

कुणाकडूनही करून घ्या, बॅटरीची निगेटिव्ह काढायला लावा आणि केबलींचे फोटो आधी काढा. दांडी पूर्ण थंडवर, व्हॉल्व्ह बंद, मगच क्लिप. डॅश मिटवण्याआधी इंजिन गरम करून दांडी दोन्ही टोकांपर्यंत स्वतः सरकवून बघा.