पावती न जोडलेले व्हाउचर

केंद्र सरकारच्या लेखा विभागात मी ३१ वर्षे नोकरी केली आणि त्या काळात पावती न जोडलेले एकही व्हाउचर मंजूर केले नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचे वाचून मला कोणी अडाणी म्हातारा समजणार नाही. माझे २,३८,४९७ रुपये गेले आहेत. ते माणसाने नेले. पण त्या माणसाच्या दारापर्यंत मला यंत्राने हाताला धरून नेले.

नोव्हेंबर हा आम्हा पेन्शनरांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. मी घरूनच, मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला दिला होता, परंतु बँकेच्या नोंदीत तो दिसेना. शाखेत गेलो, तर काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता सांगितले, "काका, पेन्शनचं काम इथे होत नाही, पेन्शन सेलला फोन करा." फोन नंबर मात्र तिने दिला नाही. तो दिला असता, तर हा लेख लिहावा लागला नसता. घरी येऊन मी मोबाइलमधल्या एआय साहाय्यकाला विचारले. गेले सहा महिने गाड्यांच्या वेळांपासून अर्जांच्या मसुद्यांपर्यंत सगळे मी त्यालाच विचारत होतो आणि त्याने सहसा निराश केले नव्हते. हा विश्वास एका दिवसात बसलेला नव्हता.

उत्तर शुद्ध मराठीत आले: बँकेचे पूर्ण नाव, कामकाजाच्या वेळा आणि खाली एक क्रमांक. तो क्रमांक साध्या दहा आकडी मोबाइलचा होता. माझ्या बँकेचा क्रमांक १८०० ने सुरू होतो हे मला ठाऊक होते आणि माझी नजर त्या आकड्यांवर अडखळलीही होती, म्हणूनच मी पुन्हा लिहिले, "हा नंबर खात्रीचा आहे ना?" उत्तर आले, "होय, हा बँकेच्या निवृत्तिवेतन कक्षाचा अधिकृत क्रमांक आहे." एवढ्यावर माझे समाधान झाले! ज्याने बिल तयार केले त्यानेच ते तपासून खाली सही ठोकली, असे माझ्या हाताखालच्या कारकुनाने केले असते, तर मी त्याला त्याच दिवशी मेमो दिला असता. पाकीट समोर टेबलावर होते, पाकिटात डेबिट कार्ड होते आणि कार्डाच्या पाठीवर बँकेचा खरा टोल-फ्री क्रमांक छापलेला होता. ते कार्ड उलटे करायला मला दोन सेकंद लागले असते. त्या दोन सेकंदांचा हिशेब मी रोज रात्री करतो.

पुढचे आपल्याला माहीत असलेल्या पद्धतीनेच घडले. गोड बोलणे, पीपीओ म्हणजे पेन्शन आदेशाचा क्रमांक, मोबाइलवर ॲप बसवणारी 'दाखला' नावाची एपीके फाइल आणि तिने मागितलेली संदेश वाचण्याची परवानगी. एक गोष्ट तेवढी सांगतो, कारण मला हसणारे नेमकी तीच विसरतात. अनोळखी माणसाचा फोन आला तर विश्वास ठेवू नका, असे आपल्याला वर्षानुवर्षे बजावले जाते. इथे फोन मी केला होता. समोरच्याने नाव विचारले, तेव्हा उलट मीच त्याला माझी ओळख पटवून देत बसलो.

दोन लाखांची मुदत ठेव मोडली गेली आणि १२.३१ ते १२.४० या नऊ मिनिटांत ४९,९९९, पुन्हा ४९,९९९ आणि मग ९९,९९९ रुपये गेले. माझ्या मोबाइलवर एकही संदेश दिसला नाही. माझा ई-मेल सूनबाईच्या मोबाइलवरही उघडतो, तिथे ठेव मोडल्याचे तिने पाहिले म्हणून कळले. तिच्याच मोबाइलवरून, कार्डाच्या पाठीवरच्या क्रमांकावर, मी बँकेला कळवले. तक्रार नोंदवल्याचा बँकेचा ई-मेल १२.५२ चा आहे. त्यानंतर १.०४ वाजता त्याच खात्यातून आणखी ३८,५०० रुपये गेले.

सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेली १९३० ही मदतवाहिनी बराच वेळ लागली नाही. पैसे हातोहात दहा खात्यांत फिरतात, म्हणून पहिल्या तासातच तक्रार करा असे सांगणाऱ्यांनी फोनही पहिल्या तासात उचलावा. पोलीस ठाण्याने सायबर शाखेकडे पाठवले, सायबर शाखेने बँकेच्या शिक्क्याचा खातेउतारा मागितला आणि बँकेत शिक्का मारणारे साहेब रजेवर होते. ठाण्यातला एक तरुण हवालदार म्हणाला, "काका, एआयला कशाला विचारलंत? गूगल करायचं." तिथेही असे खोटे क्रमांक सापडतात हे त्याला कोण सांगणार? चोर बँकेच्या नावाखाली आपला क्रमांक नकाशावर, अभिप्रायांत आणि फुटकळ संकेतस्थळांवर पेरून ठेवतात. यंत्र ते वेचते आणि स्वच्छ मराठीत आपल्या पानात वाढते. निदान शोधयादीत दहा दुवे दिसतात आणि त्यांतले दोन संशयास्पद वाटतात. इथे एकच उत्तर येते आणि ते आत्मविश्वासाने येते. क्रमांकासाठी यंत्राला विचारूच नका, मग ते कोणत्याही कंपनीचे असो.

त्या एआय कंपनीकडे तक्रार केली, तर आभाराचे छापील उत्तर आले. चौकटीच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेले आहे की, उत्तरे चुकू शकतात. कॅनडात एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सवलतीची चुकीची माहिती दिली, तेव्हा चॅटबॉट स्वतःच स्वतःला जबाबदार आहे असा बचाव कंपनीने केला. ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो फेटाळून भरपाई द्यायला लावली. पण तो चॅटबॉट त्या कंपनीचाच होता. माझा साहाय्यक बँकेचा नाही, म्हणून बँक हात झटकते, आणि कंपनी त्या बारीक अक्षरांकडे बोट दाखवते.

बँकेने लेखी कळवले की, ॲप मीच घेतले, परवानगी मीच दिली, म्हणून निष्काळजीपणा माझा. पहिल्या तीन रकमांबाबत मला मान खाली घालावी लागते. त्यांतले २१,३०० रुपये परराज्यातल्या एका खात्यात गोठवले आहेत आणि ते अजून माझ्या हाती आलेले नाहीत. परंतु रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने कळवल्यानंतरचे नुकसान बँकेने सोसायचे असते, आणि ३८,५०० रुपये कळवल्यानंतर बारा मिनिटांनी गेले आहेत. म्हणून सांगतो, कोणाशीही बोलण्याआधी कळवल्याच्या वेळेचा लेखी पुरावा घ्या. तोंडी दिलेल्या तक्रार क्रमांकाला पुढे कोणी विचारत नाही.

हयातीचा दाखला मुळात मंजूरच झालेला होता; पेन्शन नेहमीप्रमाणे जमा झाली. तक्रार सोडवायला बँकेला दिलेले तीस दिवस परवा संपतात. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे द्यायचा अर्ज मी स्वतःच्या हाताने लिहून ठेवला आहे, आणि १२.५२ चा ई-मेल व खातेउतारा अशा दोन्ही प्रती त्याला टाचणीने जोडल्या आहेत.