वेगवान दाबसंवेदी लेप: अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियम की पॉलिमर-सिरॅमिक?

वायुबोगद्यातील मॉडेलवर हवेचा दाब मोजण्यासाठी लावतात त्या दाबसंवेदी लेपातील रेणू निळ्या किंवा अतिनील प्रकाशात चमकतात आणि ऑक्सिजन ती चमक शमवतो. म्हणून हवेचा दाब वाढला की कॅमेऱ्याला पृष्ठभाग मंद दिसतो. साध्या लेपात ऑक्सिजनला पॉलिमरमध्ये झिरपावे लागते आणि त्याला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने, थरथरणाऱ्या आघात-तरंगेचा (हवेतील दाबाच्या अचानक उडीचा) दाब टिपण्यास तो फार सुस्त ठरतो. यावरचे दोन्ही उपाय सच्छिद्रतेचे आहेत.

पहिल्यात, म्हणजे अ‍ॅनोडायझिंगमध्ये, अ‍ॅल्युमिनियमच्या मॉडेलवर आम्लात विद्युत-प्रक्रियेने काही मायक्रोमीटर जाडीचा, नॅनोमीटर मापाच्या छिद्रांचा ऑक्साइड थर वाढवतात आणि चमकणारे रेणू छिद्रांच्या भिंतींवर थेट बसवतात. प्रतिसाद काही दहा मायक्रोसेकंदांत (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दशलक्षांश) किंवा त्याहूनही लवकर मिळतो. इतका, की मग रेणूच्या चमकेचा स्वतःचा आयुःकाल आड येऊ लागतो. तेथे प्लॅटिनम पॉर्फिरिन या चमकणाऱ्या रेणूपेक्षा रुथेनियम संयुग सरस ठरते, कारण त्याची चमक लवकर विझते. मात्र मॉडेल अ‍ॅल्युमिनियमचेच हवे, आणि ते आम्लाच्या टाकीत मावायलाही हवे.

दुसऱ्यात टायटॅनियम डायऑक्साइड या सिरॅमिकचे कण अल्पशा पॉलिमरने बांधून फवारतात. पोलाद असो वा कंपोझिट, हा लेप चालतो. पॉलिमर वाढवला तर लेप टिकाऊ होतो पण मंदावतो. शिवाय खडबडीतपणा सीमास्तराला, म्हणजे पृष्ठभागालगतच्या हवेच्या पातळ थराला, बाधू शकतो.

शॉक ट्यूबसाठी (आघात-तरंग निर्माण करणाऱ्या नळीसाठी) मी पहिलाच निवडेन. पंखावरील बफेटिंगची (अस्थिर हवेमुळे होणाऱ्या थरथरीची) वारंवारता त्यामानाने कमी असल्याने तेथे फवारणी पुरते. चमकेवरचा तापमानाचा परिणाम मात्र दोन्हींत वेगळा काढावाच लागतो.