खड्डा की लिफ्ट? उन्हाळा आणि पावसाळा काढल्यावर

गाडीच्या खालच्या बाजूचं काम करायला घरच्या गॅरेजमध्ये खड्डा खणायचा की गाडी उचलणारी लिफ्ट बसवायची, हा वाद गाडीवेड्यांमध्ये नेहमी पैशावरून सुरू होतो. मी म्हणतो, आधी जमीन बघा, मग छत बघा, पैशाचं शेवटी. मी साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला राहतो. वरची माती गेली की मुरूम, त्याखाली काळा दगड. मेव्हण्याचं घर सांगलीत, काळ्या मातीत, कृष्णेपासून फार लांब नाही. मी खड्डा केला, त्याने सिझर लिफ्ट घेतली, म्हणजे कात्रीसारखी उघडत गाडीला खालून उचलणारी. दोघांकडेही जुन्या जिप्सी, माझ्याकडे जोडीला मारुती ८००. एक उन्हाळा आणि अख्खा पावसाळा दोन्हीकडे हात काळे करून झालेत.

गॅरेजवाल्यांकडची दोन खांबांची लिफ्ट आम्ही दोघांनीही पहिल्याच दिवशी सोडून दिली. जिप्सी सहा फुटांहून जराशी उंच. ती माणूस ताठ उभा राहील इतकी उचलायची तर वर बारा फूट मोकळे हवेत. आपल्याकडे पार्किंगवरचा स्लॅब आठ-नऊ फुटांवर असतो. शिवाय खांब उभे राहतात ते जमिनीत ठोकलेल्या अँकर बोल्टच्या जोरावर. पार्किंगच्या पातळ कोब्यात ते बोल्ट ठोकून त्याखाली उभं राहायची माझी तरी छाती नाही.

सांगलीत खड्डा का नको, ते ऑगस्ट २०१९ चा पूर पाहिलेल्याला समजावायची गरज नाही. पण पुराचं सोडा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खड्ड्याच्या भिंती दोन्ही वेळा हलवते. जमिनीतलं पाणी वर आलं की खड्ड्याची रिकामी आरसीसीची पेटी खालून उचललीही जाते. तळ जाड करून वजन वाढवणं, बाहेरून वॉटरप्रूफिंग, पाणी उपसायला पंप, एवढं सगळं करण्यात लिफ्ट स्वस्त पडते.

माझ्याकडे उलट. खणायलाच ब्रेकर लावावा लागला, पण खोदलेली बाजू जागची हलली नाही. खणण्याआधी घराच्या कॉलमचं फुटिंग, म्हणजे पाया, कुठे आहे ते इंजिनिअरकडून दाखवून घेतलं. हे कुणीही टाळू नये. रुंदी मारुतीने ठरवली. तिच्या चाकांच्या आतल्या कडांमध्ये जेमतेम साडेतीन फूट अंतर असतं, म्हणून खड्डा आतून अडीच फूट आणि काठाला लोखंडी अँगल थोडा वर उचललेला, म्हणजे चाक घसरायला लागलं तर तिथेच अडतं. खोली पाच फूट. मारुतीखाली मान जरा वाकवावी लागते, जिप्सीखाली पायाशी एक फळी टाकतो. पायऱ्या एकाच टोकाला आहेत आणि गाडी नेहमी अशी लावतो की ते टोक उघडं राहील.

वापरायला खड्डा म्हणजे सुख. जिप्सीला पुढे-मागे दोन्हीकडे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा), त्यात प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे); ग्रीसगन घेऊन उतरलं की एका दमात सगळं होतं. पाठीवर झोपून जॅकखाली सरपटायचं वय गेलं. इंजिनच्या चेंबरचं ऑइल सोडताना डबा गुडघ्याशी, नट हातातून सुटला तर पायाशीच. सायलेन्सरचे क्लॅम्प, गिअरबॉक्सचं ऑइल, पाट्यांचे यू-बोल्ट, सगळं डोळ्यांच्या रेषेत. आणि लाइट गेली तरी काम थांबत नाही.

पण चाकाचं काम आलं की खड्डा निरुपयोगी. ब्रेक लायनर बघायचे, हब खोलायचा तर चाक हवेत पाहिजे. मग परत वर या, जॅक लावा, आधाराला घोडी ठेवा. मेव्हणा तेच काम स्टुलावर बसून करतो. त्याची लिफ्ट साधारण कमरेइतकी उचलते, चारही चाकं मोकळी. त्या बदल्यात गाडीच्या मधोमध तिचा सांगाडा आडवा येतो, म्हणून गिअरबॉक्स आणि सायलेन्सरला हात पोचत नाही.

लिफ्टची एक गोष्ट विकणारा सांगत नाही. गाडी वर नेऊन यांत्रिक लॉकवर टेकवली की ती पक्की, लॉक बसल्याचा आवाज आल्याशिवाय खाली डोकं घालायचंच नाही. पण ते लॉक सोडवायला गाडी आधी किंचित वर उचलावी लागते आणि त्यासाठी मोटर हवी. सांगलीत ऐन दुपारी लाइट गेली आणि त्याची जिप्सी संध्याकाळपर्यंत टांगलेली राहिली. हातपंपाची सोय असलेलं मॉडेल मिळत असेल तर थोडे जास्त पैसे द्या. जुनी मारुती असेल तर आणखी एक: तिला वेगळी चासी, म्हणजे खालची लोखंडी चौकट, नाही, ती दरवाज्याखालच्या पट्टीवर उचलली जाते. ती पट्टी आतून गंजलेली असली तर लिफ्टच्या रबरी ठोकळ्यावर पत्रा कुरकुर वाजत आत जातो. जिप्सीला चासीवर धरता येतं, तिला ही भीती कमी.

खड्ड्याची खरी भीती वायूची. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचते, एलपीजीचंही तेच. सीएनजी हलका असतो, वर जातो. फ्युएल पाइप खोलायचा तर गाडी खड्ड्यावरून हलवून बाहेर उघड्यावर काढतो, आणि मी खाली असताना इंजिन सुरू करायचं नाही हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय. तळापर्यंत पाइप सोडलेला ब्लोअर आहे, उतरण्याआधी थोडा वेळ चालवतो. दिवा बारा व्होल्टचा, त्याचा ट्रान्सफॉर्मर वर, बाहेर.

पावसाळ्यात तळाच्या कोपऱ्यातल्या छोट्या कुंडीत पाणी झिरपत राहिलं, मगाने उपसलं की झालं. बेडूक मात्र हटत नाहीत, आणि टॉर्च मारल्याशिवाय उतरायचं नाही हे विंचवाने शिकवलंय. खड्डा झाकायच्या दोन इंच जाड फळ्या काम संपल्यावर लगेच टाकायच्या, चहा नंतर. शेजारची पोरं चेंडू शोधत थेट गॅरेजात येतात.

घर विकलं तर माझा खड्डा इथेच राहणार, मेव्हणा लिफ्ट टेम्पोत घालून नेईल. हा मुद्दा त्याने मला बऱ्याचदा ऐकवलाय. मागच्या महिन्यात क्लचप्लेट बदलायची म्हणून गिअरबॉक्स उतरवायचा होता, तेव्हा फोन आला, "दाजी, रविवारी खड्डा रिकामा आहे ना?" माझ्या मारुतीचे मागचे ब्रेक पुढच्या खेपेला सांगलीतच करायचं ठरलंय.