मोठ्या अक्षरांतील मराठी बायबल : आजाऱ्याच्या उशाशी असावी अशी प्रत

बायबल सोसायटी ऑफ इंडियाचे मोठ्या अक्षरांतील मराठी बायबल मी मुख्यतः आमच्या चर्चच्या मंडळीतील आजारी माणसांना आणि शोकात असलेल्या कुटुंबांना भेटायला जाताना बरोबर नेतो, आणि हे परीक्षण त्याच वापरातून लिहिले आहे. अक्षरे ठसठशीत आहेत, त्यामुळे दृष्टी मंदावलेल्या वृद्धांनाही एखादे स्तोत्र स्वतः वाचता येते. दुसऱ्याने वाचून दाखवलेल्या वचनापेक्षा स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेले वचन त्यांना अधिक धीर देते, असे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. प्रत मात्र जड आहे आणि अशक्त रुग्णाला ती हातात धरून फार वेळ वाचता येत नाही.

साध्या आवृत्तीत प्रस्तावना किंवा स्पष्टीकरणात्मक टीपा नाहीत. 1804 साली स्थापन झालेल्या ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने टीपा वा भाष्य न जोडता केवळ वचन छापण्याचे धोरण ठेवले होते आणि ती परंपरा बायबल सोसायटी ऑफ इंडियातही पुढे चालत आली. तिचा मला आदर आहे, तरी दुःखी वाचकाच्या बाबतीत ही उणीव जाणवते. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातील 29:11 (अध्याय 29, वचन 11) हे भावी काळाची आशा देणारे वचन आपल्याकडे दिनदर्शिकांवर आणि भिंतीवरच्या चौकटींत सर्रास दिसते. परंतु ते बाबेलात बंदिवान होऊन गेलेल्या लोकांना पाठवलेल्या पत्रातले आहे, त्याच्या आदल्याच वचनात सत्तर वर्षांचा अवधी सांगितला आहे, आणि त्याही आधी, तिथेच घरे बांधा, बागा लावा, त्या नगराच्या हितासाठी प्रार्थना करा, अशी आज्ञा आहे. पत्र ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना मायदेश पुन्हा दिसणार नव्हता. डायलिसिसवर असलेल्या माणसाला ते एकच वचन लवकर बरे होण्याची हमी म्हणून देणे मला क्रूरपणाचे वाटते. तेच चौथ्या वचनापासून चौदाव्यापर्यंत सलग वाचले, तर लांबलेल्या आजारातही आजचा दिवस जगण्याचे बळ त्यातून मिळते.

म्हणूनच माझा आग्रह सुट्या वचनांऐवजी संपूर्ण उताऱ्यांचा आहे. बायबलमधील विलापगीत या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात आशेचा शब्द येतो तो वीस वचनांच्या तक्रारीनंतर, आणि त्या तक्रारीतला एकही शब्द मागे घेतलेला नाही. स्तोत्रे 42 आणि 43 मध्ये खचलेल्या जिवाला ‘तू का खिन्न झालास’ हा एकच प्रश्न तीनदा विचारावा लागतो, कारण एकदा धीर दिल्याने मन कायमचे सावरत नाही, हे स्तोत्रकर्त्याला ठाऊक आहे. प्रेषित पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्रात आशेकडे संकट, धीर आणि शील या वाटेने येतो, तर प्रेषित पेत्राच्या पहिल्या पत्रात तिचा आधार ख्रिस्ताचे पुनरुत्थान हा आहे. रक्ततपासणीचा अहवाल वाईट आला तरी ही आशा उरते ती याच कारणाने.

भाषा भारदस्त आहे आणि मोठ्याने वाचताना तिची लय उत्तम साधते, तरी पत्रांमधील लांब वाक्ये थकलेल्या माणसाला जड जातात. साध्या स्त्रियांनाही समजेल अशा मराठीची ही गरज ओळखून पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक भाषांतून संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. दुष्काळाच्या काळात आईवडील व बहीण गमावलेल्या या बाईंनी 1921 साली एकुलती मुलगी मनोरमा गेल्यानंतरही ते काम सोडले नाही आणि 1922 मधील आपल्या मृत्यूपूर्वी पुरे केले. ते 1924 साली छापून झाले.

घरी वाचनासाठी आणि कौटुंबिक प्रार्थनेसाठी मोठ्या अक्षरांची प्रत निःसंकोच घ्यावी. रुग्णालयात नेण्यासाठी मात्र नवा करार आणि स्तोत्रसंहिता एकत्र असलेली छोटी प्रत बरी, आणि देताना तिच्यात यशया 40 व विलापगीत 3 हे अध्याय हाताने उतरवून ठेवावेत, कारण ते त्या प्रतीत नसतात.