मुंबई विमानतळ ते फोर्ट: भुयारी मेट्रो काही महिने वापरल्यावर

माझं घर नागपूरला, काम ऑडिटचं आणि एक मोठा क्लायंट फोर्टात, हायकोर्टापासून चार पावलांवर. म्हणजे पहाटे उठून विमान पकडायचं, दिवसभर फायली चाळायच्या आणि जमलं तर रात्री परत यायचं. दोन्हीकडच्या विमानांच्या वेळा ठरलेल्या असतात. न ठरलेलं असतं ते मधलं अंतर, विमानतळ ते फोर्ट.

९ ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३, म्हणजे अ‍ॅक्वा लाइन, थेट कफ परेडपर्यंत धावायला लागली. त्याआधी ती ऑक्टोबर २०२४ मध्ये बीकेसीपर्यंत (वांद्रे-कुर्ला संकुल) आणि मे २०२५ मध्ये वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत आली होती, पण फोर्टात जाणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग नव्हता. बॅग घेऊन वरळीत वर यायचं आणि पुन्हा टॅक्सी शोधायची, तर मग विमानतळावरूनच टॅक्सी का करू नये? कफ परेडपर्यंतचा टप्पा उघडला आणि गणित बदललं. तेव्हापासून दर खेपेला मी तीच वापरते आहे, अपवाद फक्त रात्रीचा. तो खाली येईलच.

मार्ग ३३.५ किलोमीटरचा, स्टेशनं २७. आरेचं सोडलं तर बाकी सगळी जमिनीखाली. टी-२ ला, म्हणजे विमानतळाच्या टर्मिनल २ ला, बसलं की सहार रोड, टी-१ (टर्मिनल १), सांताक्रूझ, वांद्रे कॉलनी, बीकेसी, धारावी असं करत दादर, सिद्धिविनायक, वरळी, महालक्ष्मी, मुंबई सेंट्रलचं जगन्नाथ शंकरशेट स्टेशन, ग्रँट रोड, गिरगाव, काळबादेवी, सीएसएमटी आणि मग माझं हुतात्मा चौक. मला साधारण पाऊण तास लागतो. आरे ते कफ परेड या अख्ख्या मार्गाचं तिकीटच ७० रुपये आहे, त्यामुळे विमानतळावरून कुठेही गेलात तरी त्याच्या वर जायचं नाही.

पण खरं सांगायचं तर पैसे आणि मिनिटं या दोन्हींपेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. पहाटेच्या विमानानं उतरून सातच्या आत रस्त्याला लागलात, तर सी लिंक आणि कोस्टल रोडनं टॅक्सी आजही मेट्रोच्या बरोबरीनं पोचवते. सी लिंकचा १०० रुपये टोल द्यावा लागतो, कोस्टल रोडला टोल नाही. नऊ वाजता उतरलात की मात्र वाकोल्याचा पूल आणि कलानगर तुमचं भवितव्य ठरवणार. एखाद्या दिवशी पन्नास मिनिटं, एखाद्या दिवशी दोन तास. मी क्लायंटला कायम 'अकरा-साडेअकरापर्यंत येते' असं मोघम सांगायचे. आता दहाची मीटिंग घेते आणि दहाला तिथे असते.

गिरगावात माझी आत्या राहते. पूर्वी ती म्हणायची, "माहीम सुटलं की फोन कर, मग कुकर लावते." माहीमनंतरही कधी कधी वरणभात गार व्हायचा. आता टी-२ ला खाली उतरण्याआधी फोन केला की ती म्हणते, "ये, लावते." आणि मी दारात असते तेव्हा कुकरची वाफ नुकती जिरलेली असते. गिरगावात खोदकाम चाललं होतं तेव्हा हीच आत्या मेट्रोच्या नावानं बोटं मोडत होती. आता दादरला जाताना तीही खालूनच जाते, फक्त ते कबूल करत नाही.

आता सामानाबद्दल, कारण विमानातून उतरणाऱ्याचा खरा प्रश्न तोच. स्टेशनात शिरताना बॅग स्कॅनरमधून जाते, म्हणजे विमानतळावर जे केलंत तेच पुन्हा. सरकते जिने आहेत, लिफ्टही आहेत. चाकांची मोठी बॅग असेल तर सरळ लिफ्टकडे जा, सरकत्या जिन्यावर तिला सांभाळण्यात अर्थ नाही. डबे आठ, बाकं खिडकीला पाठ करून लांबलचक, मध्ये उभं राहायला मोकळी जागा. आणि इथे एक गंमत आहे. फरशी इतकी गुळगुळीत की गाडीनं ब्रेक लावला की चार चाकांची बॅग आपल्या वाटेनं निघते. एकदा सांताक्रूझला एक गुलाबी ट्रॉली अर्धा डबा पार करून एका आजोबांच्या चपलेला जाऊन थडकली. त्यांनी वर न बघता ती पायानं अडवली आणि पेपर वाचत राहिले. मालकीण लाजून लाल. तेव्हा बॅग आडवी धरा, नाहीतर गुडघ्यांमध्ये घट्ट पकडा. केबिन बॅग आणि लॅपटॉपवाल्यांना काहीच अडचण नाही. चार जणांचं कुटुंब आणि सहा बॅगा असतील आणि वेळ ऑफिसची असेल, तर टॅक्सीच बरी. बीकेसीला डबा रिकामा होतो तसा भरतोही.

तिकिटाचं म्हणाल तर खिडकीवर कागदी क्यूआर तिकीट मिळतं, मेट्रोच्या अ‍ॅपवरही निघतं, एनसीएमसी, म्हणजे मेट्रो-बससाठीचं सामायिक प्रवास कार्डही चालतं. माझ्याकडे कार्ड आहे आणि वारंवार येणाऱ्यानं ते घ्यावंच. जमिनीखाली फोनच्या रेंजच्या भरवशावर राहू नका. अ‍ॅपवर तिकीट काढायचं असेल, तर खाली उतरण्याआधी काढा. उतरल्यावर कोणाला फोन करायचा असेल तर तोही आधीच. टीव्ही मालिकेचे भाग आदल्या रात्री डाउनलोड करून ठेवणारे सहप्रवासी मला शहाणे वाटतात.

बाहेर पडताना कोणत्या गेटनं वर यायचं ते फलकावर बघून घ्या. सीएसएमटी किंवा हुतात्मा चौकाला चुकीच्या बाजूला वर आलात, तर त्या भागातला रस्ता ओलांडणं हे स्वतंत्र काम आहे. दादरचं मेट्रो स्टेशन पश्चिमेला आहे आणि रेल्वे स्टेशनला चिकटून नाही. बाजारातून बॅग ओढत चालायची तयारी हवी. मंत्रालयात काम असेल तर विधान भवन स्टेशनला उतरा, हे आमच्या नागपूरकरांसाठी मुद्दाम लिहिते आहे, कारण अधिवेशन नसतं तेव्हा वाऱ्या आपल्यालाच कराव्या लागतात.

अमेरिकेच्या व्हिसासाठी येणाऱ्यांनाही ही मेट्रो सोयीची आहे. त्यांचं वाणिज्य दूतावास बीकेसीत आहे, विमानतळावरून जेमतेम काही स्टेशनं. पण तिथे बॅग आत नेता येत नाही, त्यामुळे सामानाची सोय आधी लावा आणि मग जा. तिथून रिक्षाही मिळते. माहीम आणि सायनच्या दक्षिणेला मात्र रिक्षा नसतातच. दादरला किंवा गिरगावात वर आल्यावर 'रिक्षा कुठे?' असं विचारणारे बाहेरगावचे लोक मी नेहमी बघते. तिथे टॅक्सी, बेस्ट किंवा पाय.

टर्मिनल नीट बघून घ्या. हल्ली एकाच कंपनीची विमानं दोन्ही टर्मिनलवरून सुटतात. टी-१ आणि टी-२ ची मेट्रो स्टेशनं वेगवेगळी आहेत, मध्ये फक्त सहार रोड. एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर जायला हाही आता एक स्वस्त रस्ता. टी-१ ला स्टेशनपासून टर्मिनलच्या दारापर्यंत अंतर आहे आणि सामान जड असेल तर ते जाणवतं. आणि एक घोटाळा टाळा. मेट्रो १ वर, म्हणजे वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मार्गावर, 'एअरपोर्ट रोड' नावाचं स्टेशन आहे. ते अंधेरी-कुर्ला रस्त्यावर आहे, विमानतळात नाही. घाटकोपरकडून येत असाल तर मरोळ नाक्याला उतरा आणि तिथून मेट्रो ३ घ्या, पुढचंच स्टेशन टी-२.

लोकलचं काय, असं कोणी विचारेलच. टी-१ वरून रिक्षानं विलेपार्ले आणि तिथून दहा रुपयांत चर्चगेट. मी वर्षानुवर्षं केलंय ते, दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान आजही करीन. पण सकाळी विरारहून भरून आलेल्या गाडीत बॅगेसकट शिरायचं धाडस आता या वयात नको.

आता रात्रीचा अपवाद. शेवटची गाडी साडेदहाची आणि पहिली सकाळी ५.५५ ची. रात्री दहानंतर उतरणारं विमान असेल, तर सामान घेऊन खाली पोचेपर्यंत खेळ संपलेला असतो. पहाटे सहाचं विमान पकडायलाही तिचा उपयोग शून्य. अशा वेळी अ‍ॅपवरच्या गाडीचा माझा अनुभव काही बरा नाही. एकदा रात्री साडेअकराला तीन चालकांनी ओळीनं फोन करून विचारलं, "मॅडम, ड्रॉप किधर? कॅश है क्या?" आणि तिघांनीही राइड रद्द केली. तेव्हापासून रात्री एकटी असले की मी सरळ टर्मिनलमधल्या प्रीपेड काउंटरवर जाते. पावतीवर गाडीचा नंबर असतो, त्याचा फोटो घरी पाठवते आणि निघते. मध्यरात्री ते पहाटे पाच काळी-पिवळीचं भाडं पंचवीस टक्क्यांनी जास्त असतं, ते धरून चाला.

म्हणून हल्ली मी तिकीट काढताना उतरायची वेळ बघते. रात्री नऊच्या आत उतरणारं विमान दोन-तीनशे रुपयांनी महाग असलं तरी तेच घेते, टॅक्सीत त्याहून जास्त जातात. परतताना रात्री नऊचं विमान असेल, तर सहाला फाइल बंद करते आणि सव्वासहाला हुतात्मा चौकात खाली उतरते. पूर्वी याच विमानासाठी साडेचारला निघावं लागायचं आणि पेडर रोडलाच अर्धा जीव जायचा.

माझा या मेट्रोतला पावसाळा मात्र अजून व्हायचा आहे. २६ मे २०२५ ला आचार्य अत्रे चौक स्टेशनात पाणी शिरलं होतं, तेव्हा फोर्टापर्यंत गाडी नव्हती आणि मीही नव्हते. जुलैत रस्त्यावर पाणी तुंबतं तेव्हा खाली काय होतं ते बघून इथेच भर घालीन. तोवर पावसात मी आदल्या संध्याकाळीच येऊन आत्याकडे मुक्काम करणार आहे.