वर्कफोर्स बोर्डाचे निमंत्रण: शहराच्या खात्यातले बोर्ड आणि स्वतंत्र संस्थेचे बोर्ड यांतला फरक

कॅलिफोर्नियात छोटा-मोठा व्यवसाय चालवणाऱ्या मराठी माणसाला स्थानिक चेंबर ऑफ कॉमर्सकडून कधीतरी विचारणा होते की, आपले नाव वर्कफोर्स बोर्डासाठी, म्हणजे रोजगार आणि कामगार-प्रशिक्षणाच्या सरकारी निधीचे स्थानिक धोरण ठरवणाऱ्या मंडळासाठी, सुचवू का. विचारणा मानाची असते आणि मानधनाचा प्रश्न बहुधा नसतो, म्हणून पुष्कळजण चौकशी न करताच होकार देतात. वास्तविक या बोर्डांचे ढोबळमानाने दोन साचे आहेत. एका साच्यात बोर्डाचा सगळा कारभार शहराच्या किंवा काउंटीच्या एखाद्या खात्यातून चालतो. दुसऱ्यात बोर्डाच्या कामासाठी स्वतंत्र ना-नफा संस्था उभी असते. कायदा दोन्हींना एकच आहे, परंतु सदस्याच्या मताला येणारे वजन आणि त्याच्या डोक्यावर येणारी जबाबदारी या दोन्ही गोष्टी साच्याप्रमाणे बदलतात.

आधी जे समान आहे ते पाहू. अध्यक्ष ओबामा यांनी २२ जुलै २०१४ रोजी स्वाक्षरी केलेला वर्कफोर्स इनोव्हेशन अँड अपॉर्च्युनिटी कायदा, ज्याला या क्षेत्रातले लोक आद्याक्षरांवरून WIOA म्हणतात, तो या बोर्डांचा आधार आहे. त्याने १९९८ चा जुना कायदा बाजूला सारला. सदस्यांची नेमणूक त्या भागातला मुख्य लोकनियुक्त पदाधिकारी करतो, म्हणजे महापौर, काउंटीचे पर्यवेक्षक किंवा अनेक शहरे एकत्र आली असतील तर त्यांचे संयुक्त मंडळ. आणि राज्याचा गव्हर्नर दर दोन वर्षांनी बोर्डाला प्रमाणित करतो. निम्म्याहून अधिक सदस्य उद्योग-व्यवसायातले असावे लागतात, त्यांत किमान दोन लघुउद्योगांचे हवेत, आणि ही नावे व्यापारी संघटनांनी सुचवलेली असावी लागतात. किमान २० टक्के जागा कामगारांच्या बाजूच्या असतात, ज्यांत कामगार संघटनांचे प्रतिनिधी आणि प्रशिक्षणार्थी योजनेचा प्रतिनिधी येतात. उरलेल्या जागांवर प्रौढशिक्षण, उच्चशिक्षण, आर्थिक विकास, राज्याची रोजगार सेवा आणि दिव्यांगांचे व्यावसायिक पुनर्वसन यांचा प्रत्येकी किमान एक माणूस बसतो. हे गणित मांडून पाहिले तर शेवटचे पाच, कामगारांचे चार आणि उद्योगांचे दहा असे एकोणीस जण होतात. म्हणूनच बहुतेक बोर्डे एकोणिसाच्या आसपास सुरू होतात आणि तिथून वाढत जातात.

अध्यक्ष उद्योग प्रतिनिधींमधूनच निवडावा लागतो, हा नियम महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला थोडा चमत्कारिक वाटतो. आपल्याकडे जिल्हा कौशल्य विकास कार्यकारी समितीच्या अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी असतात, आणि महामंडळ म्हटले की अध्यक्षपदाची लाल दिव्याची गाडी लोकांना आधी आठवते. साम्य शोधायचेच असेल तर ते आयटीआयच्या संस्था व्यवस्थापन समितीत सापडेल, जिथे सार्वजनिक-खाजगी भागीदारीच्या योजनेत अध्यक्षपद उद्योगाकडे दिले गेले. फरक एवढाच की ती समिती एका संस्थेपुरती असते, तर वर्कफोर्स बोर्ड आख्ख्या परिसराचा चार वर्षांचा आराखडा आखते, रोजगार केंद्रे चालवणाऱ्याची निवड करते आणि निधी कुणाला द्यायचा ते ठरवते.

आता पैशाकडे वळू, कारण दोन साच्यांतला खरा फरक तिथे आहे. केंद्र सरकारचा निधी राज्यामार्फत प्रौढ, नोकरी गमावलेले कामगार आणि तरुण अशा तीन प्रवाहांतून स्थानिक भागात येतो. या निधीचा प्राप्तकर्ता कायद्याच्या दृष्टीने बोर्ड नसून मुख्य लोकनियुक्त पदाधिकारी असतो. निधीचा गैरवापर झाला तर भरपाईची जबाबदारीही त्याचीच. हिशेब ठेवण्यासाठी तो एखाद्या संस्थेला वित्तीय प्रतिनिधी नेमू शकतो, पण तसे केल्याने त्याची जबाबदारी टळत नाही. बोर्ड अंदाजपत्रक तयार करते, तरी त्याला या पदाधिकाऱ्याची मान्यता लागते. थोडक्यात, धोरणाची किल्ली बोर्डाकडे आणि तिजोरीची जोखीम निवडून आलेल्यांकडे, अशी मुद्दाम केलेली वाटणी आहे, आणि ही वाटणी प्रत्येक भागात करार करून कागदावर उतरवावी लागते. साचा कोणता आहे हे ओळखायचे असेल तर बोर्डाच्या माहितीपत्रकापेक्षा हा करारच आधी मागावा.

शहराच्या छताखालच्या साच्याचे चांगले उदाहरण म्हणजे सनीवेलचे नोव्हावर्क्स. सिलिकॉन व्हॅलीतली सनीवेल, माउंटन व्ह्यू, पालो आल्टो, क्युपर्टिनो, सँटा क्लारा, मिलपिटास अशी शहरे आणि सॅन मटेओ काउंटी यांच्यासाठी हे बोर्ड काम करते; प्रशासन मात्र सनीवेल शहराकडे आहे आणि कर्मचारी शहराचे नोकर आहेत. या परिसरात मराठी अभियंत्यांची वस्ती दाट असल्यामुळे नोकरकपातीच्या लाटेत नोव्हावर्क्सच्या ‘प्रोमॅच’ या उपक्रमात, जिथे नोकरी गेलेले अनुभवी व्यावसायिक एकमेकांना नोकरी शोधायला मदत करतात, आपल्यापैकी कुणी बसला असेल तर नवल नाही. अशा बोर्डाच्या सदस्याला पगारपत्रक, विमा, कार्यालयाची जागा, खरेदीचे नियम, लेखापरीक्षण यांची चिंता करावी लागत नाही, कारण ती सगळी व्यवस्था शहराची असते आणि निधी एखाद्या वर्षी उशिरा आला तरी दिवे विझत नाहीत. त्याची किंमतही आहे. मोठा करार शहराच्या परिषदेपुढे जातो, नवी नेमणूक शहराच्या भरतीप्रक्रियेतून होते, आणि संचालक कागदोपत्री बोर्डाला उत्तरदायी असला तरी त्याचा वार्षिक आढावा प्रत्यक्षात शहराचा व्यवस्थापक घेत असेल तर तो कुणाचे आधी ऐकेल हे सांगायला नको.

दुसऱ्या साच्याचे उदाहरण दक्षिणेला सॅन डिएगोत आहे. तिथले सॅन डिएगो वर्कफोर्स पार्टनरशिप ही ना-नफा संस्था आहे आणि शहर व काउंटी यांच्या संयुक्त कराराखाली ती काम करते. बोर्डाने संस्था म्हणून नोंदणी करून करमुक्त दर्जा घ्यावा आणि केंद्राबाहेरच्या देणग्या व अनुदाने मिळवावीत, याला कायद्यातच मुभा आहे. या मुभेचा अर्थ काय होतो ते २०१९ मध्ये दिसले: या संस्थेने युसी सॅन डिएगो या विद्यापीठाच्या एक्स्टेन्शन विभागाबरोबर असा निधी उभारला, ज्यात विद्यार्थी आधी शिकतो आणि पुरेशा पगाराची नोकरी लागल्यावर उत्पन्नातला ठराविक हिस्सा परत करतो. असा प्रयोग शहराच्या एखाद्या खात्याला वर्षभरात मार्गी लावता आला असता असे मला वाटत नाही. मात्र स्वतंत्र संस्थेत बोर्डाचे सदस्य हेच संस्थेचे संचालकही असतील, तर त्यांच्यावर विश्वस्तासारखी कायदेशीर जबाबदारी येते. रोख प्रवाह, कर्मचारीकपात, कार्यकारी संचालकाची नेमणूक आणि गच्छंती हे सगळे त्यांच्याच टेबलावर येते. केंद्राचा निधी आटला की गंगाजळी किती आहे, हा प्रश्न तिथे दर बैठकीला विचारायचा असतो.

या साच्यात आणखी एक गुंता होतो. एकच संस्था बोर्डाचे सचिवालय, वित्तीय प्रतिनिधी आणि रोजगार केंद्रांची चालक अशा दोन-तीन भूमिका करू लागली, तर स्वतःच्याच कामावर स्वतःच देखरेख अशी अवस्था येते. केंद्र सरकारच्या नियमांनुसार अशा वेळी अंतर्गत नियंत्रण कसे राहील याचा लेखी करार बोर्डाशी आणि लोकनियुक्त पदाधिकाऱ्याशी करावा लागतो, आणि रोजगार केंद्रांच्या चालकाची निवड किमान चार वर्षांतून एकदा स्पर्धेने करावी लागते. टेक्सासने ही गाठ मुळातच सोडवली आहे: तिथल्या २८ बोर्डांनी सेवा थेट द्यायच्याच नाहीत, त्या कंत्राटदाराकडून घ्यायच्या. कॅलिफोर्नियात अशी सरसकट भिंत नाही, म्हणून ती करारात शोधावी लागते.

हितसंबंधांच्या बाबतीत दोन्ही साच्यांत उन्नीस-बीसचाही फरक नाही, तरी छोट्या उद्योजकाला हाच भाग सर्वात जास्त टोचतो. नवीन कामगाराला कामावरच शिकवणाऱ्या मालकाला त्याच्या वेतनाचा साधारण निम्मा, काही परिस्थितीत ७५ टक्क्यांपर्यंत, परतावा या निधीतून मिळू शकतो. आपल्या कंपनीला किंवा जवळच्या कुटुंबीयांना थेट आर्थिक लाभ होईल अशा विषयावर सदस्याला मत देता येत नाही. आणि राज्याचे नियम याहून कडक असल्याने नुसते मत न देणे पुरेसे ठरेलच असे नाही. ज्याला हा परतावा हवा आहे त्याने सदस्यत्वाआधी बोर्डाच्या वकिलाला लेखी विचारावे. शिवाय कॅलिफोर्नियात बहुतेक सदस्यांना ‘फॉर्म ७००’ वर आर्थिक हितसंबंध जाहीर करावे लागतात आणि तो दस्तऐवज कुणालाही पाहता येतो. बैठका खुल्या असतात, इतिवृत्त सार्वजनिक असते, आणि १९५३ च्या ब्राऊन कायद्यानुसार नियमित बैठकीची कार्यक्रमपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते. चार सदस्यांनी कॉफीवर निर्णय पक्का करून टाकण्याची आपली घरगुती पद्धत इथे अंगाशी येईल.

माझे मत विचाराल तर, ज्याच्या दुकानात दहा-बारा माणसे आहेत आणि महिन्याकाठी चार तासांपलीकडे वेळ निघत नाही, त्याने शहराच्या छताखालच्या बोर्डाला होकार द्यायला हरकत नाही. तिथे प्रभाव संथ असतो, पण चूक झाली तर सावरायला यंत्रणा असते. ज्याने कधी ताळेबंद वाचला आहे, देणगीदारांशी बोलायची ज्याला सवय आहे आणि ज्याला काही नवे करून पाहायचे आहे, त्याच्यासाठी स्वतंत्र संस्थेचे बोर्ड अधिक समाधानाचे ठरेल. मात्र संचालकांसाठी दायित्व विमा आहे का आणि गेल्या दोन वर्षांच्या लेखापरीक्षण अहवालात काय आक्षेप आले, हे त्याने आधी पाहावे. दोन्हींबद्दल मन साशंक असेल तर तिसरी वाटही आहे. रोजगार केंद्रे, तरुण किंवा दिव्यांग यांच्यासाठीच्या स्थायी समित्यांवर बोर्डाबाहेरचे लोक घेता येतात, फक्त समितीचा अध्यक्ष बोर्डाचा सदस्य असावा लागतो. तिथे वर्षभर बसले की बोर्डाच्या उपविधींत पदाची मुदत, गैरहजेरी आणि पर्यायी प्रतिनिधी यांविषयी जे लिहिले आहे ते प्रत्यक्षात कितपत पाळले जाते, हे आतून दिसते.