गाठीचा धोका तपासताना: उंदीर की पीसीआर?

स्टेम सेलपासून, म्हणजे इतर पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशींपासून, डोळ्याच्या, हृदयाच्या किंवा मेंदूच्या पेशी बनवायला निघालेल्या छोट्या लॅबसमोर हा प्रश्न लवकरच येतो. मूळ पेशी तशाच उरल्या तर गाठ होऊ शकते; मग रुग्णाच्या शरीरात ती होणार नाही याची खात्री कशी करायची आणि पैसा आधी कुठे घालायचा?

उंदरांच्या चाचणीत प्रतिकारशक्ती जवळपास नसलेल्या एनओजी उंदरांना पेशी टोचतात आणि कित्येक महिने लक्ष ठेवतात. टेराटोमा (अशा उरलेल्या पेशींपासून होणारी गाठ) झाला, तर एकाच गाठीत कूर्चा, आतड्यासारखं अस्तर आणि चेतापेशी शेजारी शेजारी सापडतात. जिवंत शरीरात पेशी काय करतात हे फक्त इथेच कळतं. पण खर्च मोठा, आणि निकाल येईपर्यंत ताजी बॅच टिकत नाही.

पीसीआर, म्हणजे एखाद्या जनुकाच्या खुणा अनेक पटींनी वाढवून मोजणारी चाचणी; तिचा निकाल त्याच दिवशी हातात येतो. 2012 साली जपानी संशोधकांनी दृष्टिपटलाच्या रंगद्रव्य-पेशींमध्ये उरलेल्या आयपीएस पेशी (प्रौढ पेशींपासून लॅबमध्ये बनवलेल्या स्टेम सेल) एलआयएन-28 जनुकावरून शोधल्या, अगदी 0.002 टक्के, म्हणजे 50,000 पेशींत एक असली तरी. त्याच अभ्यासात, सुट्या पेशी मऊ जेलीत वाढतात का हे पाहणाऱ्या आणि कर्करोगी पेशींसाठी वर्षानुवर्षं वापरात असलेल्या सॉफ्ट अगर चाचणीला आयपीएस पेशी दिसल्याच नाहीत. सुट्या केल्या की त्या मरतात. म्हणून फक्त सॉफ्ट अगरच्या भरवशावर 'सुरक्षित' म्हणणं मला धोक्याचं वाटतं.

मात्र एलआयएन-28 सगळीकडे चालत नाही. चेतापेशींच्या पूर्वज पेशींमध्ये ते मुळातच चालू असतं, त्यामुळे तिथे मार्कर (उरलेल्या पेशी ओळखण्याची खूण) वेगळा निवडावा लागतो.

शिवाय जनुकांतले बदल पीसीआरच्या या चाचणीत दिसत नाहीत. कोबेला 2014 मध्ये पहिल्या रुग्णाच्या डोळ्यात आयपीएसपासून बनवलेला थर बसवला गेला. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींच्या जनुकसंचात बदल आढळले आणि ते प्रत्यारोपण थांबवलं. वाढवता वाढवता 20 व्या गुणसूत्राच्या एका तुकड्याच्या जादा प्रती किंवा टीपी53 या गाठी रोखणाऱ्या जनुकामधले बदल असलेल्या पेशी बाकीच्यांना मागे टाकतात, हे वारंवार दिसलंय.

माझं मत स्पष्ट आहे: पैसा आधी पीसीआर आणि जनुकसंचाच्या तपासणीत घाला, कारण त्यांच्या निकालावरून प्रक्रिया लगेच सुधारता येते. पीसीआर प्रत्येक बॅचला, जनुकसंच पेशी-बँकेचा (गोठवून ठेवलेल्या मूळ पेशींच्या साठ्याचा) आणि तयार मालाचाही. उंदरांचा अभ्यास प्रक्रिया पक्की झाल्यावर, पहिल्या मानवी चाचणीआधी, पण चोख करा. मुद्दाम आयपीएस पेशी मिसळून टोचलेल्या उंदरांचा गट सोबत हवाच. त्या गटात गाठ आली नाही, तर तुमच्या मालाच्या उंदरांत ती न येण्याला काही अर्थ उरत नाही.